चूळ भरायची, गिळायचं नाही

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी आमच्या पी.टी.च्या सरांचं नाव घेतो, आईवडिलांच्याही आधी. आईला हे माहीत आहे. तिला त्याचं वाईट वाटत नाही, कारण सर नसते तर मी खडी केंद्रावर वडिलांच्या शेजारी पाटी उचलत असतो, हे तिनेच मला पहिल्यांदा सांगितलं.

मोहोळ तालुक्यातलं आमचं गाव. शाळा दहावीपर्यंत. सर तिथे खेळ शिकवायचे, आणि चित्रकलेला शिक्षक नव्हते म्हणून तो तासही घ्यायचे. त्यात आम्हाला मैदानाचा नकाशा काढायला लावायचे. दुसरं काही त्यांना काढता येत नव्हतं, आणि ते तसं सांगायचेही.

दहावी झाल्यावर ते आमच्या घरी आले. वडील नुकतेच कामावरून आले होते, भुवयांवर दगडाची पांढरी धूळ तशीच.

सर म्हणाले, "पोराचं पाय चांगलं हायत. डोकं बी बरं हाय."

वडील म्हणाले, "पाय चांगलं असून काय करू, सर? पळून कुटं जायाचं हाय त्याला?"

"सोलापूरला. कॉलेजात."

"तितं पळायला शिकवत्यात व्हय?"

"शिकवत्यात की. पदवी बी देत्यात."

वडील बराच वेळ हसले. पळण्याची पदवी ही गोष्ट त्यांना शेवटपर्यंत गमतीची वाटत राहिली. पण त्यांनी नाही म्हटलं नाही. फॉर्म सरांनी भरला, वसतिगृहात जागा सरांनी मिळवली, आणि पहिल्या दिवशी एस.टी.तून माझ्याबरोबर तेच आले. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. आज सोलापुरात मी याच विषयाचा शिक्षक आहे. व्यायाम करताना शरीरात काय घडतं, ते मी मुलांना शिकवतो. पुढे जे लिहायचं आहे ते त्यामुळेच मला जड जातं.

सरांचा एक नियम होता. पळणं पूर्ण होईपर्यंत पाणी प्यायचं नाही. मैदानाच्या कडेला लिंबाखाली मातीचा रांजण असायचा, त्यावर पितळी तांब्या. तीन-चार फेऱ्या झाल्या की आम्ही तिथे रांगेने जायचो. सर उभे राहून बघायचे. "चूळ भरायची, गिळायचं नाही. पोटात पाणी डुचमळलं की पाय जड हुत्यात." तोंडातलं ते गार पाणी मातीत थुंकताना जिवावर यायचं. त्यांच्या वस्तादांनी त्यांना असंच शिकवलं होतं. एप्रिलमध्ये दुपार उतरायच्या आत आम्ही मैदानावर असायचो. "ऊन अंगात मुरलं पायजे," असं ते म्हणायचे.

यातलं अर्धं खरं होतं. शरीर उन्हाला सरावतं. रोज थोडं थोडं उन्हात राबलं की दहा-पंधरा दिवसांत घाम लवकर यायला लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, रक्तातलं पाणी वाढतं, छातीची धडधड आवाक्यात राहते. आम्ही सगळी उन्हातलीच पोरं. शाळेत यायलाच कुणी तीन, कुणी चार किलोमीटर चालत यायचं. सुट्टीत ज्वारी काढायला जायचो. म्हणून सरांच्या नियमाने आमच्यातलं कुणी कधी पडलं नाही. आणि पडलं नाही म्हणून तो नियम बरोबर आहे, असं सरांनाही वाटलं आणि आम्हालाही.

तो चुकीचा आहे हे मला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी कळलं. पुस्तक इंग्रजीत होतं. शेजारी शब्दकोश ठेवून मी एकेक ओळ लावत होतो. पळणाऱ्याचे पाय रक्त मागतात आणि अंग थंड करायला कातडीही रक्त मागते, हृदय मात्र एकच. घामाने पाणी जात राहिलं आणि भरून आलं नाही, तर हृदयाला दोन्हीकडे पुरं पडता येत नाही, आणि आतली उष्णता चढत जाते. ते पान मी दोनदा वाचलं. रांजण डोळ्यांसमोर आला. पुढच्या वेळी गावी गेलो की सरांना सांगू, असं मी ठरवलं.

गेलो, पण सांगितलं नाही. सरांच्या पाया पडलो, त्यांनी चहा मागवला, वसतिगृहात भाकरी मिळते का, ते विचारलं. त्या माणसाला मी काय सांगणार होतो? आमच्याकडे एक टोमणा आहे, शिकून आला आणि शिकवायला लागला. तो ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती. गुरूची चूक दाखवायची नसते, असंही मनाला समजावलं. पुढच्या सुट्टीत सांगू म्हणालो, आणि ती पुढची सुट्टी आठ वर्षं येत राहिली.

त्यातच हिमाचलची गोष्ट घडली. कॉलेजने आम्हा काही जणांना गिर्यारोहणाच्या शिबिराला पाठवलं होतं. मी जिल्ह्यात पळण्यात पहिला आलेला. मनात गर्व होता, आणि थंडीची थोडी भीती. वर तंबूत पोहोचलो त्याच संध्याकाळी मी बाकीच्यांना दाखवायला म्हणून चढावर पळत गेलो. शंभर पावलंही झाली नसतील. छाती भात्यासारखी हलायला लागली तरी हवा पुरेना. तिथे हवा विरळ असते, एका श्वासात जे मिळायला हवं त्याला दीड-दोन श्वास लागतात. थंडीत तहानही लागत नव्हती, म्हणून दिवसभर मी पाणीच प्यालो नव्हतो. लागत नाही तर कशाला प्यायचं, आणि पिणं हा तर आमच्याकडे कमकुवतपणा. पण कोरड्या हवेत प्रत्येक श्वासाबरोबर पाणी जात होतं, आणि थंडीने लघवीही जास्त होत होती. पहाटेपर्यंत डोकं फुटायला आलं. चार वेळा उलटी झाली. सकाळी शिबिरातल्या एका मदतनिसाने मला अर्धी वाट पाठीवर घेऊन खाली आणलं. तिथले प्रशिक्षक रागावले नाहीत. एवढंच म्हणाले की, इथे शरीराला दिवस द्यावे लागतात, हिंमत देऊन भागत नाही.

मी परत आलो तेव्हा सर माझी वाटच बघत होते.

"मग? बर्फ बघितलास?"

"बघितला, सर."

"तितं पळलास का न्हाय?"

त्यांच्या चेहऱ्यावर एवढं कौतुक होतं की खरं माझ्या तोंडातून बाहेर आलंच नाही. मी म्हणालो, "पळालो की, सर."

"बर्फात?"

"बर्फात."

त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. ती पाठ दुसऱ्याच्या पाठीवरून खाली आली होती, हे त्यांना माहीत नव्हतं.

सर निवृत्त झाले. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींना ते शाळेच्या मैदानावर शिकवू लागले, कुणाकडूनही काही न घेता. माझं बर्फातलं पळणं त्यांनी किती बॅचना सांगितलं असेल, मला माहीत नाही. मी भेटलो की मुलं माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघायची. मला ते आवडायचं, हेही लिहून टाकतो.

गेल्या एप्रिलमध्ये सरांनी मला बोलावलं. माझी नोकरी कायम झाली होती, म्हणून भरतीच्या मुलांसमोर सत्कार. दुपारी साडेचारची वेळ. मैदानावर टेबल, टेबलावर टॉवेल, टोपी, नारळ. मुलं कोवळी नव्हती, वीस-बावीसची होती. त्यांत गावातल्या टेलरची मुलगी होती. सात-आठ महिने ती पुण्यात एका कंपनीत पॅकिंगच्या कामाला होती, थंडगार हॉलमध्ये. भरती निघणार म्हणून काम सोडून आली होती, आणि तो तिचा मैदानावरचा तिसरा दिवस होता. हे मला तिथेच कळलं, कारण सर तिला चिडवत होते.

"पुण्याचं पाणी मुरलंय हिच्या अंगात. काढायला पायजे."

"काढा की, सर," ती म्हणाली. "पण सगळं एकाच दिवशी नका काढू."

सगळे हसले, मीही हसलो. थंड हॉलमध्ये काही महिने काढले की उन्हाचा सराव निघून जातो, आणि तो तीन दिवसांत परत येत नाही. हे मी त्याच आठवड्यात वर्गात शिकवलं होतं.

सत्काराआधी दहा फेऱ्या ठरल्या होत्या. मी खुर्चीवर बसलो होतो, टोपी सरांनी आधीच माझ्या डोक्यावर घातली होती. सहावी फेरी झाली आणि मुलं लिंबाखाली आली. मातीचा रांजण जाऊन आता प्लॅस्टिकचा निळा ड्रम आला होता, नियम मात्र तोच होता. मुलीचा चेहरा लालबुंद झाला होता. तिने तांब्या तोंडाला लावला आणि थांबली.

"सर, दोन घोट पिऊ का? जीभ टाळ्याला चिकटतीय."

सर म्हणाले, "चूळ भर. आगं, आमचा ह्यो पोरगा बर्फात पळून आलाय. तुला एवढं ऊन सोसंना व्हय? इचार त्यालाच."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, तिनेही. तांब्या तिच्या हातात होता. मी एक शब्द बोललो असतो तर तिने तो पिऊन टाकला असता, आणि सरांनीही काही म्हटलं नसतं. मी म्हणालो, "सर सांगतात तसं करा. सवय होते."

तिने चूळ भरून थुंकली आणि पळायला गेली.

आठव्या फेरीत ती वाकडी धावू लागली, रेघ सोडून आत. मग गुडघ्यावर बसली, मग आडवी झाली. मी पोहोचलो तेव्हा ती बडबडत होती, "अजून दोन राहिल्यात, अजून दोन." तिने मला ओळखलं नाही. अंगाला हात लावला तर चटका बसावा असं तापलं होतं. कुणीतरी कांदा फोडून तिच्या नाकाला लावत होतं. कुणी चक्कर म्हणत होतं, कुणी उपाशी असेल म्हणत होतं. मला काय झालंय ते ठाऊक होतं. मी मुलींना तिला उचलून सावलीत आणायला सांगितलं, निळा ड्रम तिच्या अंगावर रिकामा केला, सत्काराचा टॉवेल भिजवून मानेखाली घातला, आणि दोघींना ओढणीने वारा घालायला लावला. तोंडात पाणी घालायला मात्र दिलं नाही, कारण ती शुद्धीवर नव्हती. जीप आली. वाटेतही आम्ही तिला ओलंच ठेवलं.

सोलापूरच्या दवाखान्यात ती बारा दिवस होती. पहिले काही दिवस मूत्रपिंडं नीट काम करत नव्हती. पहिल्या संध्याकाळी डॉक्टरांनी विचारलं, "शिकवत कोण होतं?" सर पुढे झाले. "मीच." मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, "ह्ये आमचे विद्यार्थी. कॉलेजात असत्यात. यांनी पाणी वतलं म्हणून पोरगी हितवर आली." डॉक्टरांनी माझ्याकडे बघून मान हलवली, शाबासकी दिल्यासारखी. टेलरने माझे हात धरले. मी ते धरू दिले.

तिला घरी सोडल्यावर शाळेच्या समितीने बैठक घेतली. मला जाणकार म्हणून बोलावलं. मी उभा राहिलो आणि सगळं नीट समजावून सांगितलं. ऊन, घाम, रक्त, पुण्याहून आलेल्या शरीराला लागणारे दिवस, पाणी. नुसतं पाणी दिलं असतं तर सगळं टळलं असतं असं नाही, वेळ चुकली, फेऱ्या जास्त झाल्या, हेही सांगितलं. वर्गात इतकं चांगलं मी कधी बोललो नसेन.

समितीतले एकजण म्हणाले, "म्हंजे सरांना ह्यातलं काय म्हाईत नव्हतं."

मी म्हणालो, "त्यांच्या काळात असंच शिकवायचे."

"तेच म्हणतो मी. शिकल्याल्या माणसात आन् जुन्या मास्तरात फरक ऱ्हाणारच की."

सर शेवटच्या खुर्चीवर होते. त्यांनी मान डोलावली. मी त्यांची बाजू घेतोय, असंच त्यांना वाटलं असावं. पुढचा निर्णय होईपर्यंत मैदान सरांच्या बॅचला बंद, असा ठराव झाला. सही करायला कागद फिरला तेव्हा मीही उपस्थित म्हणून सही केली.

बाहेर आल्यावर सर माझ्या शेजारून चालत होते.  गेटपाशी थांबले.

"मास्तर, येक इचारू? तू बर्फात पळताना पाणी पीत हुतास?"

कुत्सितपणा नव्हता त्यात. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. इतकी वर्षं ज्या गोष्टीच्या जोरावर त्यांनी मुलांना पळवलं, तिच्यात नेमकं काय राहून गेलं, ते माझा विद्यार्थी बसतो तसे बसून समजून घ्यायला ते तयार होते.

मी म्हणालो, "हो, सर. थोडं थोडं."

"आसं व्हय. मग मला तवाच सांगायचं न्हाय का, लेका."

ते गेले. मी एस.टी.च्या फाट्यावर बसून राहिलो, आणि दोन गाड्या सोडल्या.

दोन महिने गेले. या दोन महिन्यांत मी सरांना तीनदा फोन केला. तिन्ही वेळा ते आईची, कॉलेजची चौकशी करत राहिले, आणि मी उत्तरं देत राहिलो. शेवटी एका रविवारी मी टेलरच्या दुकानात गेलो आणि त्यांना सगळं सांगितलं. मशीन चालवत त्यांनी ऐकलं. मग पाय थांबवून विचारलं, "सरांना सांगितलंय का ह्ये?"

"नाही."

"मग माझ्याकडं आधी कशाला आलाय? माझी पोरगी हाय अजून. सरांचं मैदान गेलंय."

समोर जाऊन सांगावं, हे मला कळत होतं. पण समोर गेलो की मी खोटं बोलतो. दोनदा बोललो आहे. म्हणून त्याच संध्याकाळी लिहायला बसलो आणि सोमवारी कॉलेजला जाताना पत्र टाकलं. ते असं.

तीर्थरूप सरांना,

साष्टांग नमस्कार.

सर, मी बर्फात पळालो नव्हतो. शंभर पावलं गेलो आणि आजारी पडलो. मला दुसऱ्याने पाठीवर घेऊन खाली आणलं. आजारी पडण्याचं एक कारण हेच होतं की मी दिवसभर पाणी प्यालो नव्हतो. बैठकीनंतर गेटपाशी तुम्ही विचारलंत तेव्हाही मी खोटंच बोललो.

पाण्याचा नियम चुकीचा आहे, हे मला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून माहीत होतं. मी तुम्हाला सांगितलं नाही. तुमचा मान राखायचा म्हणून सांगितलं नाही, असं मी स्वतःला म्हणत आलो. ते पूर्ण खरं नाही. तुमच्या डोळ्यांतलं माझं कौतुक मला कमी होऊ द्यायचं नव्हतं.

त्या दिवशी त्या मुलीने माझ्याकडे बघितलं होतं. तुम्हाला माहीत नव्हतं, मला माहीत होतं. पाणी नको, असं तिला शेवटचं मी सांगितलं, तुम्ही नाही. बैठकीत मी तुमच्या काळाचं नाव सांगून मोकळा झालो. हे सगळं मी समितीला लेखी कळवलं आहे आणि ठरावावरची माझी सही कशी झाली तेही लिहिलं आहे. एक प्रत सोबत जोडली आहे. त्याने मैदान परत मिळेल का, मला सांगता येत नाही.

तुमचं एक म्हणणं बरोबर होतं. ऊन अंगात मुरावं लागतं. फक्त नव्याला दहा-पंधरा दिवस द्यावे लागतात, सकाळी लवकर, थोड्या फेऱ्या, आणि तहान लागेल तसं पाणी. एवढा बदल केला तर तुमच्यासारखं शिकवणारं मला अजूनही दुसरं कुणी माहीत नाही.

आज मी टेलरच्या दुकानातून त्यांच्या घरी गेलो होतो. मुलगी बरी आहे. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय पळायचं नाही, असं तिला बजावलंय. तिलाही मी सगळं सांगितलं.  ती म्हणाली, "तुम्ही बोलला असता तर मी पिले असते."  निघताना तिने विचारलं, सर परत शिकवतील का? मी म्हणालो, ते विचारायची माझी लायकी नाही, तूच विचार. ती तुम्हाला या आठवड्यात फोन करणार आहे.

माझ्या पत्राला उत्तर नाही दिलंत तरी मला काही म्हणायचं नाही. तिचा फोन मात्र घ्या.

तुमचाच,
तुम्ही एस.टी.तून सोलापूरला आणून सोडलेला विद्यार्थी